रकान्यातली भाषा

वर्ग चालू ठेवायला पाच मुलं लागतात. त्या वर्षी मे महिना उजाडला तेव्हा माझ्याकडे चार होती.

"चार म्हणजे चारच, नेव्झेता," लिस्बेत म्हणाली. ती आमच्या नगरपालिकेत मातृभाषेच्या वर्गांचं काम बघते. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण इथे सगळे सगळ्यांना अरेतुरेच करतात, त्याचं मला आता काही वाटत नाही. "पंधरा तारखेपर्यंत पाचवा अर्ज आला तर वर्ग राहील. नाहीतर ऑगस्टपासून तुझी जागा नाही. मला समजतं, तुझ्यासाठी हे कठीण आहे."

तिला सगळंच समजतं. सव्वीस वर्षं मी स्वीडनमध्ये आहे. 'नाही' म्हणून माझं काम कुणी फारसं अडवलं नाही. 'मला समजतं' म्हणून मात्र पुष्कळदा अडवलं.

मी मूळची मास्तरीण. बोस्नियात प्रियेदोरजवळच्या एका गावात सात वर्षं शिकवलं. माझ्या पदवीवर विषय लिहिलाय 'सर्बो-क्रोएशियन'. तो देश गेला, आणि त्या नावाची भाषाही कागदावरून गेली. लढाईनंतर तिची तीन-चार नावं झाली, ज्याने त्याने आपापलं घेतलं. आमच्या वाट्याला 'बोस्नियन' आलं. इथे आल्यावर नऊ वर्षं मी रबराच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांना लावायच्या पट्ट्या कापल्या. मग एक दिवस नगरपालिकेने विचारलं, बोस्नियन शिकवाल का? तेव्हा एकतीस मुलं होती, तीन तुकड्या करायला लागल्या. आपल्या माणसांना येऊन दहा वर्षंही झाली नव्हती, सगळ्यांना परत जायचं होतं. परत कोणीच गेलं नाही. मुलं मात्र एकेक करत कमी झाली.

तर पाचवं मूल शोधायला मी निघाले.

पहिल्यांदा गेले मेव्लिदाकडे. तिचं केस कापायचं दुकान आहे, मुलगा नऊ वर्षांचा.

"अहो बाई, गुरुवारी त्याचं हँडबॉल असतं," ती म्हणाली. "आणि घरी आम्ही आपलंच बोलतो की. वर्गाची गरजच काय?"

तेवढ्यात आतून पोराने ओरडून विचारलं, चार्जर कुठाय? स्वीडिशमध्ये. हिनेही स्वीडिशमध्येच उत्तर दिलं, पलंगाखाली बघ. मग माझ्याकडे बघून लाजली. "घाईत असलं की होतं असं," म्हणाली.

"कायम घाईतच असता का गं?" मी विचारलं. तिने कॉफीचा आग्रह केला नाही, यावरून काय ते समजा.

दुसरा नेजाद. हा माझ्याच वर्गात शिकलेला. आता स्वतःचं घर, दारात दोन गाड्या, मुलगा सात वर्षांचा. दार उघडून त्याने मला मिठीच मारली. पण अर्जाचा कागद पुढे केल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"बाई, तुम्हाला खरं सांगू? रागावू नका." तो अर्धं आपलं, अर्धं स्वीडिश बोलत होता. "उन्हाळ्यात गावी गेलो की तिथली पोरं म्हणतात, आले बघा स्वीडिश, काढा बिलं, हेच भरतील. आणि इथे जन्म गेला तरी विचारतात, मूळचा कुठला? मी दोन्हीकडे अर्धा अर्धा उभा आहे, बाई. पाय दुखतात. पोराला तरी एका ठिकाणी नीट बसू दे."

"भाषा शिकला म्हणून बसायची जागा जात नाही रे."

"माझी गेली," तो म्हणाला.

मी याला सहा वर्षं व्याकरण शिकवलं होतं. हे वाक्य मात्र आपल्या भाषेत, अगदी शुद्ध बोलला. त्याचाच जास्त राग आला.

बारा तारखेपर्यंत अकरा घरं झाली. हाशिम, माझा नवरा, म्हणायचा, "अगं, जाऊ दे. दोन वर्षांनी तशीही निवृत्त होशील." तो स्वतः पाठदुखीने आधीच घरी बसलाय. दिवसभर बाल्कनीत टोमॅटोची रोपं इकडून तिकडे हलवतो, उन्हामागे. मी म्हटलं, तुला रोपं दिसतात तशी मला मुलं दिसतात. तो म्हणाला, "रोपं आपल्या पायाने हँडबॉलला जात नाहीत."

त्याच संध्याकाळी दुकानात मी लोणच्याच्या कपाटासमोर हाशिमशी फोनवर भांडत होते, कोबी आणायची की नाही यावरून. फोन ठेवला तर शेजारी एक उंच माणूस उभा. हातात दोन किलो लाल मिरच्या.

"बाई, तुम्ही शाळेत आपली भाषा शिकवता ना?" त्याने विचारलं.

त्याचं बोलणं मी लगेच ओळखलं. हेल आमच्याकडचा. नुसता बोस्नियाचा नव्हे, आमच्या जिल्ह्याचा, नदीच्या त्या अंगाचा.

"शिकवते. तुम्ही कुठले?"

"प्रियेदोर." मग नावही सांगितलं, "रादेन्को."

नाव ऐकलं आणि कळलं. सर्ब. आमच्यात नाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही, हा आमच्या नावांचा दोष आहे. ब्याण्णव साली प्रियेदोरमध्ये सर्बांनी आम्हा मुसलमानांना बाल्कनीत पांढऱ्या चादरी टांगायला लावल्या होत्या, घर कुणाचं ते ओळखू यावं म्हणून. माझ्या भावाने चादर टांगली होती. तरी त्याला नेलंच. आठ वर्षांनी त्याची हाडं मिळाली. म्हणून 'तेव्हा तुम्ही कुठे होता?' हा प्रश्न माझ्या जिभेवर आपोआप येतो, यावा असं मला वाटत नसलं तरी.

रादेन्कोने तो माझ्या तोंडावर वाचला. "मी हंगेरीत होतो," तो म्हणाला. "बंदूक घ्यायला बोलावणं आलं त्याच आठवड्यात पळालो. माझं वय तेव्हा वीस. हे मी दर वेळी आधीच सांगून टाकतो, बाई. म्हणजे पुढचं बोलता येतं."

"बोला," मी म्हटलं.

त्याची बायको स्वीडिश, मुलगी अकरा वर्षांची, नाव दुन्या. त्याची आई अजून तिकडेच, एकटी. दर रविवारी व्हिडिओवर फोन करतात. आजी बोलते, नात हसते. नात बोलते, आजी हसते. पाच मिनिटांनी दोघींचे गाल दुखायला लागतात आणि फोन ठेवतात.

"मी मध्ये बसून सांगतो, ही काय म्हणाली, ती काय म्हणाली. पण दुभाष्यामार्फत कुणी आजीच्या मांडीवर बसतं का?" तो म्हणाला. "मागच्या रविवारी दुन्याने मला विचारलं, मला का नाही शिकवलंस? मी रात्रपाळी करतो, बाई. मला झोपायला वेळ नव्हता. तिला काय सांगू?"

मी तिथेच, मिरच्यांच्या पेटीवर कागद ठेवून त्याच्याकडून अर्ज भरून घेतला. पाचवं मूल मिळालं! घरी आले तर कोबी राहूनच गेली होती.

दुसऱ्या दिवशी लिस्बेतने अर्ज बघितला आणि तिचा हात टेबलावर थबकला.

"यात भाषेच्या रकान्यात 'सर्बियन' लिहिलंय."

"हो. तो आपल्या भाषेला तसंच म्हणतो."

"मग ही बोस्नियनची चार आणि सर्बियनचं एक. दोन्ही गट पाचाच्या खाली."

"अगं, भाषा एकच आहे!"

"यादीत दोन आहेत." तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. खरंच, क्रोएशियन धरून तीन नावं, तीन ओळी.

"लिस्बेत, मी दोन्ही शिकवू शकते. माझ्या पदवीवर तर ती एकच भाषा आहे. तो माणूस बोलतो ते मला कळतं, मी बोलते ते त्याला कळतं. काल आम्ही अर्धा तास लोणच्यासमोर बोलत होतो!"

"मला समजतं. पण तुमच्याच लोकांनी आमच्याकडे मागणी केली होती ना, की नावं वेगळी ठेवा? मी इथे येण्याआधीची गोष्ट आहे, पण फाइलमध्ये पत्र आहे."

पत्र होतं. मी बघितलं. आमच्या बोस्नियन मंडळाचं, दोन हजार तीन सालचं. खाली सह्यांमध्ये चौथी सही माझी.

तेव्हा ती सही मी अभिमानाने केली होती. ज्या नावाखाली आम्हाला मारलं, त्या नावावर आमची भाषा टाकू नका, असं वाटायचं. आजही वाटतं. त्यात चूक काय होती तेही मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी लिस्बेतच्या खोलीत ती सही बघून असं वाटलं, की कुणीतरी माझ्याच हाताने माझ्या थोबाडीत मारली.

संध्याकाळी मी रादेन्कोच्या घरी गेले. रात्रपाळीला निघायच्या तयारीत होता, पायात बूट चढवत होता. दुन्या जिन्यात बसली होती, केस दोन वेण्यांत, गुडघ्यावर वही. मला बघून तिने वहीतून आमच्याकडचा नमस्कार वाचला, "दोबार दान," आणि मग स्वीडिशमध्ये विचारलं, "बरोबर आहे का?"

"अगदी बरोबर," मी म्हटलं.

तिला आत पाठवून मी रादेन्कोला सांगितलं: रकान्यातलं नाव बदलावं लागेल. 'बोस्नियन' लिहावं लागेल.

त्याने बुटाची नाडी सोडून दिली.

"बाई, मला 'बोस्नियन' शब्दाशी वैर नाही. मी बोस्नियाचाच आहे, सर्बियात तर मी दोनदाच गेलोय. पण बघा ना. ब्याण्णव साली मला म्हणाले, तू सर्ब आहेस, घे बंदूक. मी म्हटलं नाही. माझा काका आजतागायत माझ्याशी बोलत नाही. इथे आलो तर तुमची माणसं म्हणाली, तू सर्ब आहेस, तेव्हा कुठे होतास सांग. आता तुम्ही म्हणता, सर्ब लिहू नको. दर वेळी मी काय आहे हे दुसराच कुणीतरी सांगतो आणि सही माझी घेतो."

"मला हे आवडतंय असं वाटतं का तुम्हाला?"

"नाही. म्हणूनच जास्त वाईट वाटतं." तो उठला, आत गेला, पेन घेऊन आला. "माझ्या आईला कळलं तर रडेल. नाव सोडलं म्हणेल. पण ती रोज रडतेच, नातीशी बोलता येत नाही म्हणून." त्याने जुना शब्द खोडला. इतक्या जोराने, की कागद फाटला. नवा कागद माझ्याकडे होताच. त्यावर त्याने 'बोस्नियन' लिहिलं, आणि मी तो घेऊन जिना उतरले. मी जिंकले होते. तरी वाटत होतं, की मी काहीतरी चोरून चाललेय.

मंडळाची बैठक एरवी शनिवारी असते, त्या आठवड्यात ती चौदा तारखेलाच बोलावली होती. आमचं मंडळ म्हणजे जुन्या बेकरीच्या वरच्या दोन खोल्या. भिंतीवर बोस्नियातल्या मोस्तारच्या पुलाचा फोटो, कोपऱ्यात बिलियर्ड, बायका खिमा भरलेलं बुरेक भाजून आणतात, पुरुष धूर करतात आणि कायद्याने बंदी आहे म्हणून खिडकी उघडतात. अध्यक्ष शेफकेत. फरशा बसवायचा धंदा, सहा माणसं हाताखाली. त्याची जुळी, लामिया आणि आय्दिन, माझ्या वर्गातली चारांतली दोन.

मी आत गेले तर सगळे गप्प झाले. या गावात बातमी माझ्या आधी पोचते.

"नेव्झेता, बस," शेफकेत म्हणाला. "कॉफी घे. ऐकतोय ते खरं का? त्या रादेन्कोची पोरगी आमच्या पोरांबरोबर बसणार?"

"हो. आणि तिच्यामुळे वर्ग वाचणार."

"मग माझी दोन काढून घे."

मला वाटलं तो थट्टा करतोय. करत नव्हता.

"शेफकेत, त्या माणसाने बंदूक घेतली नाही. पळून गेला."

"असं तो सांगतो."

"तू चौकशी कर."

"मी चौकशी का करू?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "माझ्या बापाचं अर्धं शरीर एका खड्ड्यात मिळालं आणि अर्धं दुसऱ्यात. दोनदा पुरलं मी त्यांना. मी म्हणत नाही याने काही केलं. मी म्हणतो, मला माहीत नाही. आणि माहीत नसताना माझ्या पोरांना त्याच्या पोरीबरोबर बसवायचं नाही. एवढा तरी हक्क आहे का मला?"



मी म्हटलं, "तुझी लामिया आणि ती दुन्या शाळेत एकाच बाकावर बसतात. पहिलीपासून. मागच्या महिन्यात दुन्या तुझ्या घरी वाढदिवसाला आली होती. तुझ्या बायकोने तिला केक वाढला."

"ते स्वीडिशमध्ये."

"म्हणजे?"

"म्हणजे ते स्वीडिशमध्ये," तो परत म्हणाला, जणू मी मंद आहे. "तिथे त्या दोन स्वीडिश पोरी असतात. स्वीडिशमध्ये कुणी कुणाला मारलेलं नाही. आपल्या भाषेत बसल्या की लामिया माझी पोरगी होते आणि ती त्याची."

मला वेड लागायची पाळी आली. कारण तो चुकीचं बोलत होता आणि तरी मला त्याचं म्हणणं कळत होतं. मी उभी राहिले आणि ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. म्हटलं, तुमचे बापजादे जी भाषा बोलत मेले ती पोरांना यावी म्हणून मी सतरा वर्षं थंडीत शाळाशाळांतून फिरले. तुम्ही दर उन्हाळ्यात गाडीवर झेंडे लावून गावी जाता, पोरं मागच्या सीटवर कानात बोळे घालून झोपलेली असतात. झेंडा फडकवायला पाच माणसं लागत नाहीत, वर्गाला लागतात!

"बाकीच्यांना शिकवण्याआधी," मागून मेव्लिदाचा सासरा म्हणाला, हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा, "स्वतःच्या नातवाला आधी शिकवा ना बाई. तो योहान की कोण. त्याला 'आजी' तरी म्हणता येतं का?"

कुणीतरी हसलं. कुणीतरी त्या हसणाऱ्याला गप्प केलं.

माझी मुलगी गोथेनबर्गला असते, नवरा स्वीडिश. नातू चार वर्षांचा. तो मला 'मोर्मोर' म्हणतो, स्वीडिश पोरं आईच्या आईला म्हणतात तसं. मुलीला मी एकदाच म्हटलं होतं, तू त्याच्याशी आपलं का बोलत नाहीस? ती म्हणाली, "आई, तू आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवत होतीस. माझ्याशी बोलायला तू घरी कधी होतीस? मी माझं बोलणं टीव्हीकडून शिकले." ते खरं नव्हतं. अगदीच खोटंही नव्हतं.

मी कोट घेतला आणि निघाले. बुरेकचा तुकडा हाशिमसाठी कागदात बांधून ठेवला होता, तो तसाच टेबलावर राहिला.

पंधरा तारखेला लिस्बेतकडे तीन अर्ज होते. जूनमध्ये पत्र आलं, सतरा वर्षांच्या सेवेबद्दल आभार, सोबत एका फुलदाणीचं कूपन.

रादेन्कोला मीच जाऊन सांगितलं. दार त्याने अर्धंच उघडलं.

"म्हणजे मी ते उगाच लिहिलं," तो म्हणाला.

"मला माफ करा. मला वाटलं होतं…"

"माफी कसली. तुमची माणसं मला घेणार नाहीत हे मला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, याचं आश्चर्य वाटतं." मग म्हणाला, "तो कागद परत मिळेल का?"

मी लिस्बेतला विचारलं. अर्ज फाइलला लागला होता, परत देता येत नाही. सात वर्षं ठेवतात.

खरी गंमत ऑगस्टमध्ये झाली. गंमत म्हणायची ती.

शेजारच्या चार नगरपालिकांनी मिळून पडद्यावरून वर्ग सुरू केले. ज्या भाषांना मुलं पुरत नाहीत त्या सगळ्या एका मोठ्या शहरातून शिकवायच्या. त्या योजनेत आमच्या भाषेचं नाव एकच होतं, तीन नावं तिरप्या रेघांनी जोडलेलं. पालकांना काही लिहायचंच नव्हतं, रकाना आधीच भरून आला होता. नुसतं 'हो' वर बोट टेकवायचं. शेफकेतने टेकवलं. रादेन्कोनेही टेकवलं. पाचच्या पाच मुलं!

शिकवणारी एक तरुण बाई, ओसियेकची, क्रोएशियन. मुलगी चांगली होती, तिची चूक काहीच नाही. आणि प्रत्येक गावात मुलांजवळ एक मोठं माणूस बसायला हवं, असा नियम होता. संगणक चालू करायला, दंगा आवरायला. तासावर पगार. लिस्बेतने फोन करून विचारलं, तू येशील का? मुलं तुला ओळखतात. "फक्त शिकवण्यात मध्ये पडायचं नाही, ते करारात आहे."

"नाही म्हण," हाशिम म्हणाला. "तुझ्या वर्गात तुलाच शिपाई करतायत."

मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. घरात टोमॅटो बघत बसण्यापेक्षा बरं, एवढंच.

पहिल्या गुरुवारी शेफकेत जुळ्यांना घेऊन आला. दुन्याला बघितलं, बाजूला रादेन्कोला बघितलं, मान वळवली. पण गेला नाही. मी त्याला बाहेर गाठलं.

"काय रे? आता चालतं?"

"आता काय, नगरपालिकेने ठरवलंय."

"हेच तर मी मे महिन्यात सांगत होते!"

"तू सांगत होतीस," तो म्हणाला. "तू आपली आहेस. तुला नाही म्हणता येतं."

मला त्याला धक्का मारावासा वाटला. साठीला आलेल्या बाईला, शाळेच्या व्हरांड्यात.

आत पडद्यावरच्या बाईंनी पावाचं चित्र दाखवून 'क्रूह' म्हटलं. आमच्याकडे 'ह्ल्येब' म्हणतात, तुर्कांच्या काळापासून आमच्या जिल्ह्यात सगळे तसंच म्हणतात, मशिदीत जाणारे आणि चर्चमध्ये जाणारेही. पोरांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. करारात आहे. उघड्या दारातून ते बाहेर थांबलेल्या दोघा बापांना ऐकू गेलं.

"हे काय 'क्रूह'?" शेफकेत भिंतीला म्हणाला.

"माझी आई हे ऐकेल तर नातीला क्रोएशियन समजेल," रादेन्को दुसऱ्या भिंतीला म्हणाला.

"तक्रार करायला पाहिजे."

"करायलाच पाहिजे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात नगरपालिकेला दोन पत्रं गेली, मजकूर जवळजवळ तोच. लोकांना हे गोड वाटेल. मला नाही वाटलं. मला वाटलं, अरे दुष्टांनो, एवढं एकमत मे महिन्यात दाखवलं असतंत तर माझी नोकरी राहिली असती.

मी नाताळपर्यंत ते काम केलं. तोंड मिटून बसणं मला जमलं नाही. एकदा ध्वनी गेला तेव्हा मी मुलांना षष्ठी समजावून सांगितली, आणि ध्वनी परत आला तरी थांबले नाही. पडद्यावरची बाई बिचारी शांतपणे ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुम्ही माझ्यापेक्षा छान सांगता, पण आता मी काय करू?" मी डिसेंबरमध्ये सोडून दिलं. जुळी जानेवारीत हँडबॉलला गेली, दोघंही.

फेब्रुवारीत औषधांच्या दुकानात नंबरची चिठ्ठी घेऊन बसले होते. रादेन्को समोरून आला. मे महिन्यानंतर आमच्यात नुसता नमस्कार उरला होता. या वेळी थांबला.

"दुन्या आणि माझी आई काल भांडल्या," तो म्हणाला.

"कशावरून?"

"आई म्हणाली, वेण्या नीट घाल, भिकारणीसारखी दिसतेस. दुन्या म्हणाली, तुझे केस तर पांढरे आहेत, तू गप्प बस. 'गप्प बस' म्हणाली, बाई. आजीला. मी शेजारच्या खोलीत होतो. कुणी मला बोलावलं नाही." त्याने टोपी काढली, परत घातली. "आईने नंतर मला फोन करून सांगितलं, पोरगी उद्धट निघाली. वीस मिनिटं तेच सांगत होती. इतकी खूश ती मला वडील गेल्यापासून दिसली नव्हती."

"वर्गात शिकली का हे?"

"नाही. वर्गात तर ती 'क्रूह' शिकते. हे कुठून उचललं माहीत नाही." मग म्हणाला, "तो कागद मात्र मी अजून विसरलो नाही, बाई. तुम्हाला सांगून ठेवतो."

"विसरू नका," मी म्हटलं. "मीही माझी सही विसरलेली नाही."

माझा नंबर लागला. काउंटरवरच्या पोरीने ओळखपत्रावरचं माझं नाव दोनदा चुकवलं आणि हसून विचारलं, कुठलं हे नाव? मी तिला हाशिमच्या पाठीच्या गोळ्यांची चिठ्ठी दिली.